पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे धावायचं तर कपडे काय घालावेत? खोकला का येतो?

बाहेर १०-१२ अंश असतील तर १८-२० अंश आहेत असं समजून कपडे घाला. घरातून निघताना थोडं कुडकुडायलाच हवं. दहा मिनिटांत अंग तापतं. सुती टी-शर्ट नको, घामाने ओला होतो आणि थांबलात की छाती गार पडते. पॉलिस्टरचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, कान झाकणारा बफ (गळ्यात घालून वर ओढता येणारी कापडी नळी), पातळ हातमोजे पुरे. स्वेटर घालून निघणारे दुसऱ्या किलोमीटरला तो कमरेला बांधून पळताना दिसतातच!

पोटऱ्या आखडलेल्या असतात, म्हणून घरातच पाच मिनिटं जागच्या जागी चाला, टाचा उचला, पाय झुलवा. पहिला किलोमीटर नेहमीपेक्षा मिनिटभर हळू.

खोकला थंड, कोरड्या हवेने येतो, पण धूरही तितकाच कारणीभूत. थंडीत शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर वर न जाता जमिनीलगत साचतो. ऊन पडलं की तो विरायला लागतो, आणि जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे साडेपाचऐवजी आठच्या सुमारास निघालेलं बरं. तोंडावर बफ ओढला की श्वास जरा कोमट मिळतो, धूर मात्र गाळला जात नाही. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.