डोंगरउताराचं रान जेसीबीनं सपाट करताय? आधी हे वाचा

पन्हाळा, शाहूवाडी, भुदरगड भागातनं सध्या एकच प्रश्न सारखा येतोय, साहेब आमचं वरकस, म्हणजे हलकं डोंगरी रान उताराचं आहे, सपाट करून ऊस लावायचाय, परवानगी लागते का? आणि त्यातच पुढं, एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय फुकट सपाट करून देतो, फक्त निघालेला मुरूम मी नेणार, चालंल का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो कारण शेतकरी फसतो तो तिथंच. नका करू. आपल्या गटातली, म्हणजे आपल्या सातबाऱ्यावरच्या गट नंबरातली माती उचलून त्याच गटात पसरली तर ते शेतीचं सपाटीकरण झालं, पण मुरूम गटाबाहेर गेला की ते गौण खनिज, त्याला तहसीलदार ऑफिसचा परवाना आणि रॉयल्टी लागते. नसेल तर जमीन महसूल संहिता 1966, कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, शिवाय गाड्या जप्त. कॉन्ट्रॅक्टर मशीन घेऊन निघून जातो, पंचनामा मात्र तुमच्या गटाचा होतो आणि नोटीस तुमच्या दारात येते.

स्वतःच्या गटातलं काम असलं तरी तलाठ्याकडं लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सातबारा बघा, इतर हक्कात वन किंवा खाजगी वन असा शेरा असला तर वनविभागाच्या परवानगीशिवाय मशीन रानात घालायचंच नाही. झाडं काढायची असतील तर त्याचा अर्ज वेगळा. बांधाला लागून खोदणार असाल तर मोजणी करून घ्या, नाहीतर पुढं भावकीत वाद ठरलेला.

आता मातीचं. एक एकरावरचा 1 सेंटीमीटर थर म्हणजे 40 घनमीटर माती, साधारण 14 ब्रास. जांभ्याच्या उतारावर कसदार थर मुळातच कमी, आणि जेसीबीवाला काय करतो, वरची काळी-तांबडी माती खाली गाडतो आणि मुरूम वर आणतो, मग त्या मुरमात कितीबी खत ओता, ऊस हाताला लागत नाही. म्हणून वरची वीतभर माती आधी एका कडेला ढीग करून ठेवायला लावा, खालचं खोदकाम उरकलं की तीच परत वर पसरा, मशीनचे तास वाढतील पण ही माती विकत मिळत नाही.

सगळा उतार एका पट्टीत सपाट करायचा हट्ट पण सोडा. उंच कापलेला उभा कडा पहिल्या मोठ्या पावसात खाली येतो, जुलै 2021 ला पन्हाळ्याचा रस्ताच खचला ते आपण बघितलंय. आपल्याकडं भाताच्या मजग्या आहेत तशाच टप्प्याटप्प्यानं पायऱ्या पाडा, प्रत्येक पायरीचा ढाळ किंचित आतल्या, डोंगराच्या बाजूला ठेवा, तिथं चर काढून पाणी कडेनं दगडी सांडव्यातनं खाली सोडा. भराव्याच्या तोंडाला ताल, म्हणजे दगडांचा बांध रचा, पहिल्या पावसाला वाळा किंवा मारवेल गवत लावा. आणि काम दिवाळीनंतर धरून मार्चच्या आत संपवा, मे महिन्यात ओतलेला भराव बसायच्या आधीच पाऊस गाठतो अन माती ओढ्यात.

भुदरगडच्या एका दादांनी विचारलंय, वरच्या शेजाऱ्यानं सपाट करताना ओघळ बुजवला आणि सगळं पाणी आमच्या रानात शिरतंय. तर दादा, भांडत बसू नका, फोटो काढा आणि मामलतदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदारांकडं दावा घाला. नैसर्गिक प्रवाह अडवून किंवा वळवून पिकाचं नुकसान होत असेल तर तो मोकळा करायचा आदेश तिथं मिळतो. पण अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत जायला पाहिजे, पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबलात तर मुदत गेली.

ज्यांनी उतारावर ऊस लावलाच आहे त्यांनी निदान सरी उताराला आडवी घ्या आणि पाचट पेटवू नका, सरीत दाबा. पायऱ्या कुठं पाडायच्या ते नजरेनं ठरवू नका, मशीन ठरवायच्या आधी गावच्या कृषी सहायकाला सातबारा आणि गटाचा नकाशा दाखवा, रानात येऊन समतल रेषा (एकाच उंचीवरनं जाणारी रेघ) आखून मागा, तिच्यावर फक्की, म्हणजे चुन्याची पूड मारून घ्या आणि मगच जेसीबीवाल्याला तारीख द्या.