वाचक विचारतात: चार सर्व्हर लावले आणि प्रोग्राम हळू झाला!

प्रश्न: नमस्कार ताई, मी एमटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी धातूच्या पत्र्यावर उष्णता कशी पसरते त्याचा कोड सी मधे एमपीआय (अनेक प्रोसेसनी एकमेकांना मेसेज पाठवत एकच काम करायची लायब्ररी) वापरून लिहिलाय. 2000 बाय 2000 चा ग्रिड आहे, त्याचे आडवे पट्टे पाडून प्रत्येक प्रोसेसला एकेक दिलाय. एका सर्व्हरवर 16 प्रोसेस लावल्या की मस्त पळतं, पण डिपार्टमेंटचे चारही सर्व्हर घेऊन 64 लावल्या की उलट कितीतरी जास्त वेळ लागतो. शेजाऱ्याची कडेची ओळ मी लूपमधे एकेक आकडा सेंडरिसीव्हने (एमपीआयची पाठवायची-घ्यायची आज्ञा) घेतो, आणि काम सारखं वाटलं जावं म्हणून कमांडमधे मॅप-बाय नोड टाकलंय. नेटवर्क साधं गिगाबिट. गाइड म्हणतात इन्फिनीबँडसाठी (जास्त वेगवान नेटवर्क) अर्ज करू. करू का?

उत्तर: अर्ज जरा थांबव, तुझ्या पत्रातच दोन चोर सापडलेत.

पहिला तो लूप. एकाच सर्व्हरमधे मेसेज रॅममधूनच जातो, साधारण मायक्रोसेकंदभरात, म्हणून तिथे तुला काही जाणवलं नाही. गिगाबिटवर टीसीपीने तोच मेसेज पोचायला ढोबळमानाने 50 मायक्रोसेकंद धर (नेमका आकडा ओएसयूच्या लेटन्सी, म्हणजे मेसेज पोचायचा वेळ, मोजणाऱ्या बेंचमार्कने स्वतःच मोज, माझ्यावर विश्वास नको ठेवू), म्हणजे 2000 आकडे एकेक करून आणायला 1 लाख मायक्रोसेकंद, सेकंदाचा दहावा भाग, तोही एका कडेसाठी आणि दर स्टेपला! दळण आणायला डबा न्यायचा सोडून चिमूट चिमूट पीठ घेऊन गिरणी ते घर फेऱ्या मारल्यासारखं झालं हे. अख्खी ओळ म्हणजे 2000 आकडे, दर आकड्याला 8 बाइट धरून 16,000 बाइट, गिगाबिटची वायर सेकंदाला 12.5 कोटी बाइट नेते, म्हणजे 128 मायक्रोसेकंद आणि वर ते एकदाच लागणारे 50, झाले 180 च्या आसपास. सी मधे ओळ मेमरीत सलगच असते त्यामुळे सेंडरिसीव्हच्या काउंटमधे (किती आकडे न्यायचे ते) 2000 लिही, लूप काढून टाक, बस. (उभे पट्टे असते तर टाइप व्हेक्टर, म्हणजे अंतराअंतरावरचे आकडे एकत्र पाठवायचा एमपीआयचा प्रकार, करावा लागला असता, तू वाचलास.)

दुसरा चोर मॅप-बाय नोड. हे वाचून मी कपाळावर हात मारला, कारण ही चूक मीही केलीये. याने होतं काय की रँक (प्रोसेसचा क्रमांक) 0 पहिल्या सर्व्हरवर, 1 दुसऱ्यावर, 2 तिसऱ्यावर अशी पत्त्यांसारखी वाटणी होते, म्हणजे प्रत्येक पट्ट्याचा शेजारी नेमका दुसऱ्या सर्व्हरवर बसतो. एका सर्व्हरच्या 16 पट्ट्यांच्या वरच्या-खालच्या मिळून 32 ओळी, 5 लाख 12 हजार बाइट, सगळ्या एकाच वायरीतून बाहेर, म्हणजे 4 मिलिसेकंद गेले. त्याऐवजी मॅप-बाय स्लॉट दे, रँक 0 ते 15 पहिल्या सर्व्हरवर, पुढचे 16 दुसऱ्यावर असं, मग एका सर्व्हरमधून बाहेर जातात फार तर दोनच ओळी, पाव मिलिसेकंद. सोबत बाइंड-टू कोर (प्रत्येक प्रोसेस एकेका कोरला बांधायला) आणि रिपोर्ट-बाइंडिंग्ज टाक म्हणजे कोण कुठे बसलंय ते स्क्रीनवर दिसेल.

हे झालं की आयरिसीव्ह-आयसेंड (मेसेज पूर्ण व्हायची वाट न बघणाऱ्या आज्ञा) आधी सोडून मधल्या ओळींचं गणित करून घे आणि वेटऑलनंतर (ते सगळे मेसेज पूर्ण होईपर्यंत थांबून) कडेच्या ओळी कर. फायदा होतो, चमत्कार नाही होत.

आता कडू औषध. 40 लाख खाने भागिले 64 म्हणजे एकेका प्रोसेसला 62,500. खान्याला एक नॅनोसेकंद धरला तर गणित 62 मायक्रोसेकंदात संपतं आणि मेसेजला लागतात 180! म्हणजे एवढ्या छोट्या ग्रिडला 64 प्रोसेस गिगाबिटवर परवडतच नाहीत, कोड कितीही सुधारलास तरी. 8000 बाय 8000 करून बघ, खाने 16 पट होतात पण कडेची ओळ फक्त 4 पट. इन्फिनीबँडवर तीच लेटन्सी एक-दोन मायक्रोसेकंद असते, मदत नक्की होईल, पण त्या लूपसकट घेतलंत तर सरकारी पैसे त्या लूपमधेच जातील.

प्रश्न: आमच्या कंपनीतल्या सिम्युलेशनचं प्रोफाइल काढलं तर 40 टक्के वेळ ऑलरिड्यूसमधे (सगळ्या रँकचे आकडे एकत्र करून उत्तर सगळ्यांना देणारी एमपीआयची आज्ञा) जातोय. पण आकडा तर एकच बेरजेला पाठवतो आम्ही! नेटवर्क खराब आहे का?

उत्तर: बहुतेक नाही. पंगतीत सगळ्यांचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही ना, तसंच ऑलरिड्यूसचं. एकजण हळू जेवतोय आणि बाकीचे हात वाळवत बसलेत, आणि प्रोफाइलर तो हात वाळवायचा वेळ ऑलरिड्यूसच्या नावावर लिहितो. तपासायला त्याच्या आधी एक बॅरिअर (सगळे येईपर्यंत थांबवणारी आज्ञा) टाका आणि दोन्हींचे वेळ वेगवेगळे मोजा, वेळ बॅरिअरमधे गेला तर भानगड कामाच्या वाटणीत आहे. मग प्रत्येक रँकचा नुसता गणिताचा वेळ छापून बघा, ज्याचा सगळ्यात जास्त तो तुमचा हळू जेवणारा. त्याच्याकडे कण किंवा खाने जास्त आलेत का ते बघा. मोजून झालं की बॅरिअर काढायला विसरू नका, लोक विसरतात आणि तो तसाच वर्षानुवर्षं पळत राहतो.

प्रश्न: 16 कोरच्या मशीनवर 16 रँक लावल्या, मॅट्रिक्स गुणाकाराला ओपनब्लास ही लायब्ररी आहे, तर टॉपमधे (मशीनवरचा भार दाखवणारी कमांड) लोड अडीचशे दिसतो. व्हायरस?

उत्तर: नाही हो. प्रत्येक रँकमधे ओपनब्लासने स्वतःचे 16 थ्रेड काढलेत, 16 गुणिले 16 म्हणजे 256. ओएमपी नम थ्रेड्स हे थ्रेड किती ते ठरवणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 1 करा आणि परत चालवा. दुसऱ्या सर्व्हरवरच्या रँकनाही ते मिळायला हवं, ओपन एमपीआयमधे त्यासाठी एमपीआयरनला (प्रोग्राम सुरू करायची कमांड) डॅश एक्स लावून नाव द्यावं लागतं.