आजीच्या ट्रंकेत बाईचं चित्र आणि सोनेरी काठ असलेली बशी मिळाली. मागे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा निळा शिक्का आहे, त्याचा फोटो टाकलाय. ही खरी जुनी 'रॉयल व्हिएन्ना', म्हणजे व्हिएन्नाच्या जुन्या दरबारी कारखान्यातली चिनी मातीची बशी, असेल का?

आधी बशी अर्धी फिरवून शिक्का उलटा बघा. पोळ्याची ढाल होईल, मध्ये दोन आडव्या रेघा. ती ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याची ढाल. व्हिएन्नाचा कारखाना १७१८ साली दु पाकिये नावाच्या गृहस्थाने काढला, १७४४ मध्ये तो दरबाराच्या ताब्यात गेला आणि ढाल त्यानंतर आली. १८६४ ला कारखाना बंद पडला, शिल्लक कोरा, म्हणजे न रंगवलेला, माल विकला गेला आणि शिक्क्याला कोणी वाली उरला नाही. मग बोहेमियापासून ड्रेस्डेनपर्यंत ज्याला वाटेल तो ही ढाल मारू लागला. त्यामुळे शिक्क्यावर भरवसा सगळ्यात शेवटी ठेवायचा. शेजारी रोमन लिपीत 'ऑस्ट्रिया' किंवा 'जर्मनी' लिहिलं असेल तर प्रश्न तिथेच मिटला: आयात मालावर देशाचं नाव हवं हा अमेरिकेचा नियम १८९१ पासूनचा, म्हणजे मूळ कारखाना मिटल्यावरचा.

आता सराफाकडे असतं तसं दहापट भिंग आणा आणि बाईचा गाल बघा. छापील चित्र असेल तर जुन्या वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ठिपके दिसतील, सारख्या अंतरावर, रांगेने. पण नुसते ठिपके दिसले म्हणून बशी फेकू नका. हाताने लघुचित्र काढणारेसुद्धा चेहरा ठिपक्याठिपक्यांनीच भरत. फरक एवढाच की त्यांचे ठिपके लहानमोठे असतात, हनुवटीखाली दाट होतात, गालाच्या वळणाबरोबर वळतात. पापण्या आणि कानाजवळचे मोकळे केस बघा, तिथे कुंचल्याचा एकेक फटकारा वेगळा दिसतो. आणि काही बशांत दोन्ही असतं: चेहरा छापलेला, वर हाताने चार रेघा मारून विकलेला. मी फसलो तो अशाच एका बशीत.

मुंबईतल्या एका दुकानात मला प्रशियाची राणी लुईझ हिचं चित्र असलेली बशी मिळाली होती. पायऱ्या उतरणारी, गळ्याभोवती झिरझिरीत वस्त्र. दुकानदार म्हणाला, "साहेब, राणीच्या हयातीतली आहे." राणी वारली १८१० ला, आणि ज्या चित्रावरून हे चेहरे उतरवतात ते गुस्टाफ रिश्टरने काढलं १८७९ मध्ये. हे मला घरी आल्यावर कळलं. भिंग लावलं तर ओठांवर हाताचा लाल रंग आणि त्याखाली ठिपक्यांची शिस्तशीर फौज! आता त्या बशीत आम्ही किल्ल्या ठेवतो.

सहीलाही भुलू नका. 'अँजेलिका काउफमान' अशी सही असलेल्या बशा ढिगाने मिळतात. ती मोठी चित्रकार होती खरी, पण १८०७ ला गेली. पुढे कितीतरी वर्षांनी तिची चित्रं छापून बशांवर चढवली, सहीसकट.

मूळ व्हिएन्नाचा माल ओळखायची मला पटलेली खूण म्हणजे मातीत दाबलेला आकडा. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ते वर्षाचे शेवटचे आकडे मातीतच ठसवत, ८०४ म्हणजे १८०४. रंग कुठेही चढवता येतो, पण हा आकडा भाजण्याआधीचा असतो. मात्र तो सापडला तरी कळतं फक्त मातीचं वय. चित्र त्यावर नंतर कोणी काढलं असेल, कारण कोरा माल बाहेर गेला होताच.

समजा तुमची बशी १८६४ नंतरची पण हाताने रंगवलेली निघाली, तर नाक मुरडू नका. त्या काळच्या काही कारागिरांचं काम अप्रतिम आहे आणि लोक ते मुद्दाम जमवतात. मलाही छापील चेहऱ्यापेक्षा तसली निनावी बशी कधीही चालेल. डोळा तयार करायचा असेल तर हैदराबादला सालारजंग संग्रहालयात युरोपच्या चिनी मातीच्या दालनात अर्धा दिवस काढा.

तोवर बशी घासणीने घासू नका, डिशवॉशर तर नकोच. सोनं झिलईच्या वर असतं, ते निघून येतं. कोमट पाण्यात मऊ फडकं भिजवून पुसा, बास. भिंतीवर स्प्रिंगच्या हुकाने टांगू नका, काठाचे टवके उडतात.

आणि पुढचा फोटो टाकाल तो भिंगातून काढलेल्या गालाचा टाका, शिक्क्याचा नको.