रोज पाच शब्द, पण पुरते

प्रिय मित्रा,

तू पाठवलेले वहीचे फोटो पाहिले. एका पानावर चाळीस शब्द, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, मधे उभी रेघ. शाळेत शब्दार्थ असेच लिहून घेतात, त्यामुळे तुला दोष देत नाही. पण त्याच पानावर 'युबिक्विटस' आहे, 'परनिशस' आहे आणि खाली कुठेतरी 'कन्व्हिन्स'समोर 'पटवणे' लिहिलंय. पहिले दोन शब्द पुढची दोन वर्षं आले नाहीत तरी तुझं काही अडणार नाही. तिसरा मात्र रोज लागेल, आणि तो तुला अजून आलेला नाही.

का आलेला नाही ते सांगतो. मराठीत आपण म्हणतो, 'त्याला दोन तास पटवलं, पण पठ्ठ्या ऐकेना.' तेच इंग्रजीत 'आय कन्व्हिन्स्ड हिम फॉर टू अवर्स बट ही डिड नॉट ॲग्री' असं होतं, आणि मुंबईतल्या निम्म्या ऑफिसांत ते ऐकू येतं. कोशातला अर्थ साधारण असा असतो: 'टू मेक समवन बिलीव्ह दॅट समथिंग इज ट्रू'. म्हणजे समोरच्याला पटलं तरच ते 'कन्व्हिन्स'. नुसतं समजावत बसलास तर 'आय ट्राइड टू कन्व्हिन्स हिम'. वहीतल्या 'पटवणे'मध्ये प्रयत्न आणि यश दोन्ही मावतात, इंग्रजी शब्दात फक्त यश. उभ्या रेघेच्या वहीत हा फरक दिसायला जागाच नाही. (शिवाय आपल्याकडे 'पटवणे' कॉलेजच्या कट्ट्यावर भलत्याच कामाला वापरतात, तो भाग वेगळा.)

म्हणून क्रियापदं, विशेषणं आणि हाताला न लागणारी नामं यांचा अर्थ सोप्या इंग्रजीतच लिही. 'टर्मरिक'समोर 'हळद' लिहिलं की काम संपलं. तिथे इंग्रजी व्याख्या उतरवत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे.

कोश कोणता? शिकणाऱ्यांसाठी केलेला. अशा कोशात व्याख्या ठरावीक सोप्या शब्दांतच लिहितात. लाँगमनच्या कोशात हे शब्द सुमारे २००० आहेत. एका व्याख्येत दोन शब्द अनोळखी निघाले, तर तो नवा शब्द आज घेऊ नकोस. ते दोन आधी घे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे असे कोश इंटरनेटवर फुकट आहेत. तिथे बऱ्याच शब्दांशेजारी ए-वन (सर्वांत सोपी) ते सी-टू (सर्वांत अवघड) यांपैकी एक पातळी छापलेली असते. ही सहा पायऱ्यांची चौकट कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये प्रसिद्ध केली. तुझ्या कामाच्या पायऱ्या बी-वन आणि बी-टू. शब्दाशेजारी सी-टू दिसलं किंवा काहीच दिसलं नाही, तर वाचण्यापुरता अर्थ समजून घे आणि पुढे चल. छापील कोश हवा असेल तर किंग्ज सर्कलला किंवा फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळ जुन्या पुस्तकांत बघ. दहा-पंधरा वर्षं जुनी आवृत्ती या पातळीच्या शब्दांना सहज चालते, फक्त मधली पानं गळालेली नाहीत ना, ते विकत घेण्याआधी चाळून घे.

आता वाक्य. सगळा खेळ इथे आहे, आणि इथेच सगळे घाई करतात. 'कन्व्हिनियंट' घे. अर्थ: 'ईझी टू यूज, ऑर सूटेबल फॉर युअर प्लॅन्स'. तू वाक्य केलं आहेस, 'इट इज व्हेरी कन्व्हिनियंट'. त्यातला शब्द झाकला तर तिथे 'ब्यूटिफुल' बसेल, 'एक्सपेन्सिव्ह' बसेल, काहीही बसेल. झाकलेला शब्द वाचणाऱ्याला ओळखता आला, तर वाक्य खरं. 'इज ट्यूझडे कन्व्हिनियंट फॉर यू, ऑर शुड वी मीट ऑन वेन्सडे?' हे वाक्य चालेल. त्यात आणखी एक गोष्ट आपोआप आली: सोयीचा असतो तो मंगळवार, माणूस नाही. मराठीत 'मला मंगळवारी सोयीचं नाही' म्हणतात. त्यातल्या 'मला'चा 'आय' होतो आणि 'आय ॲम नॉट कन्व्हिनियंट ऑन ट्यूझडे' असं ईमेलमधून निघून जातं. 'आय ॲम नॉट पॉसिबल'चीही हीच गत.

अशा चुका कुठे होणार हे मराठीवरून आधीच सांगता येतं. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं इंग्रजीत शिरतात. 'दादरला पोहोचलो'मधल्या 'ला'मुळे 'रीच्ड टू दादर', 'त्याला विचार'मुळे 'आस्क टू हिम', 'तिच्याशी लग्न'मुळे 'मॅरीड विथ हर', 'त्याविषयी चर्चा'मुळे 'डिस्कस अबाउट इट'. बरोबर रूपं: 'रीच्ड दादर', 'आस्क हिम', 'मॅरीड हर', 'डिस्कस इट'. या चारही ठिकाणी इंग्रजीला मधे काहीच नको आहे. उलट कधी मराठी मदतीलाही येते. 'जाणं टाळलं' म्हणतोस ना, तसंच 'अव्हॉइडेड गोइंग'. 'टू गो' नाही. म्हणून शब्दाबरोबर त्याच्या पुढे काय येतं तेही लिहून ठेव: 'इन्सिस्ट ऑन', 'डिपेंड ऑन', 'गुड ॲट', 'अव्हॉइड डुइंग'. कोशातल्या उदाहरणांत हा भाग बहुधा ठळक छापलेला असतो. तो वगळून वाचायची सवय असेल तर मोड.

नामांजवळ दोन छोटी अक्षरं असतात, सी आणि यू: मोजता येणारं आणि न मोजता येणारं. 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'इक्विपमेंट' यांच्यापुढे यू आहे, म्हणून शेवटी 'स' लागत नाही आणि आधी 'ए' किंवा 'ॲन' येत नाही. एक सल्ला म्हणजे 'ए पीस ऑफ ॲडव्हाइस'.

शब्द कुठून आणायचे? यादीतून नको. तुला विषय आधीच कळतो अशा मजकुरातून आण. मुंबईकराला रविवारच्या मेगाब्लॉकच्या इंग्रजी बातमीसारखं पाठ्यपुस्तक नाही. मजकूर दर आठवड्याला जवळपास तोच असतो, फक्त स्टेशनं बदलतात. 'डायव्हर्टेड', 'सस्पेंडेड', 'हॉल्ट', 'मेंटेनन्स', 'इनकन्व्हिनियन्स', असे शब्द त्यात येतात. 'सस्पेंड' आपल्याला नोकरीतून निलंबित करण्यापुरताच माहीत असतो. इथे हार्बरच्या गाड्या 'सस्पेंडेड' असतात, म्हणजे काही वेळापुरत्या बंद. कल्याणची धीमी गाडी जलद मार्गावर 'डायव्हर्ट' होते म्हणजे काय, ते कोश न उघडताच कळतं, कारण कधीतरी त्या ब्लॉकमध्ये तूही अडकलेला असतोस. मग कोश उघड आणि आपला अंदाज ताडून बघ. अंदाज आधी, कोश नंतर, हा क्रम उलटा करू नकोस.

डब्यातल्या साखळीखालची पाटीही वाच. 'रीझनेबल अँड सफिशियंट कॉज' नसताना साखळी ओढली तर दंड. हे शब्द रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४१ मधले आहेत; शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'रीझनेबल' म्हणजे 'फेअर अँड सेन्सिबल', 'सफिशियंट' म्हणजे 'ॲज मच ॲज यू नीड'. 'कॉज' इथे नाम आहे, कारण या अर्थी. मेगाब्लॉकच्या 'इनकन्व्हिनियन्स कॉज्ड'मध्ये तेच क्रियापद झालं. आता स्वतःचं वाक्य कर: 'ड्रॉपिंग युअर अम्ब्रेला ऑन द प्लॅटफॉर्म इज नॉट ए सफिशियंट कॉज फॉर पुलिंग द चेन.' असं वाक्य सहसा विसरत नाही.

एक पथ्य कडक पाळ. जुळे शब्द एका दिवशी घेऊ नकोस. 'बॉरो' आणि 'लेंड', 'रिमेंबर' आणि 'रिमाइंड', 'इकॉनॉमिक' आणि 'इकॉनॉमिकल'. पुस्तकं त्यांना शेजारी छापतात, ते दिसतं छान, पण एकत्र शिकलेले जुळे डोक्यात एकमेकांत मिसळतात, आणि मग आयुष्यभर 'कॅन यू बॉरो मी युअर पेन' चालू राहतं. आधी 'बॉरो' पक्का कर: 'टेक समथिंग अँड गिव्ह इट बॅक लेटर'. 'कॅन आय बॉरो युअर अम्ब्रेला टिल टुमॉरो?' तो पंधरा दिवस न चुकता आला की मग 'लेंड'ला हात लाव. 'इकॉनॉमिकल' वेगळा घे, पासाच्या वाक्याबरोबर: 'ए मंथली पास इज मोअर इकॉनॉमिकल दॅन बायिंग ए टिकेट एव्हरी डे.' देशाच्या अर्थकारणाचा 'इकॉनॉमिक' पुढच्या महिन्यात येऊ दे.

वही ठेव, पण उजळणी कार्डांवर कर. लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापली की पत्त्यांएवढी कार्डं फुकट होतात. एका बाजूला व्याख्या आणि वाक्य, शब्दाच्या जागी रिकामी रेघ. मागे शब्द, त्याच्यापुढे काय येतं ते, आणि उच्चाराची खूण. व्याख्या वाचून शब्द आठवायचा. उलट दिशेने, म्हणजे शब्द बघून अर्थ सांगणं, फार सोपं असतं आणि त्यातून खोटा आत्मविश्वास येतो. यादी पुन:पुन्हा वाचल्यावर 'हा येतो, हा येतो' वाटतं तो हाच भास. बोलताना मात्र तोंडातून शब्द फुटत नाही.

उजळणी दुसऱ्या दिवशी, मग शिकल्यापासून चौथ्या, आठव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी. कार्ड चुकलं की ते पहिल्या दिवसावर परत, दयामाया नाही. रोज पाच नवे शब्द घेतलेस तर महिन्याभराने रोज साधारण २५ जुनी कार्डं निघतील आणि थोडी नापासांची भर. दहा-बारा मिनिटांचं काम. आठवड्यातले पाच दिवस, सण-परीक्षा वगळून वर्षाचे ४० आठवडे धरले तरी १००० शब्द होतात. तुझ्या चाळीस-चाळीसच्या पानांचा वेग जास्त वाटतो खरा, पण एक जुनं पान काढून मराठी बाजू उघडी ठेव, इंग्रजी झाक आणि किती येतात ते मोज.

सकाळच्या गर्दीत कार्ड काढायलाही हात मोकळा नसतो, हे मान्य. तेव्हा घरून निघताना पाच शब्द बघ आणि डब्यात मनातल्या मनात त्यांची वाक्यं कर. जे आठवलं नाही ते उतरल्यावर बघायचं. बसायला मिळालं तर चैनच.

उच्चाराबद्दल थोडंसंच. या पत्रात मी इंग्रजी शब्द देवनागरीत लिहितोय, तुझ्या कार्डावर तसं करू नकोस. देवनागरीत कोणत्या भागावर जोर द्यायचा ते दिसत नाही. कोशात जोराच्या भागाआधी एक छोटी उभी रेघ असते, ती उतरव. 'डेव्हलप'मध्ये जोर 'व्हे'वर आहे. आपण सर्रास 'डे'वर देतो. कोशातलं स्पीकरचं चिन्ह दाबून दोनदा ऐक, दोनदा मोठ्याने म्हण, बस.

आणि आपल्या इकडच्या इंग्रजीची उगाच लाज बाळगू नकोस. 'प्रीपोन' आता मोठ्या कोशांतही आहे, अंधेरीच्या ऑफिसात बिनधास्त वापर. पण परदेशी माणसाला 'आय पास्ड आउट इन २०२२' लिहिलंस तर तुला त्या साली चक्कर आली होती असं तो समजेल. तिथे 'ग्रॅज्युएटेड' लिही. 'परीक्षा दिली'ला 'गेव्ह'ऐवजी 'टुक ॲन एक्झाम'.

पहिले पाच आजच काढ. 'कन्व्हिन्स', 'कन्व्हिनियंट', 'सस्पेंड', 'सफिशियंट' आणि 'बॉरो' चालतील. प्रत्येकावर तुझ्या स्वतःच्या दिवसातलं एक वाक्य हवं, कोशातलं उतरवलेलं नको. पुढच्या रविवारी कार्डांचे फोटो पाठवशील तेव्हा फक्त नापास झालेली पाठव, आणि प्रत्येकाखाली लिही की आठवला नव्हता तो शब्द की त्याच्यापुढचं 'ऑन', 'फॉर', 'टू'. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

तुझा,
सर