पहिली व्यावसायिक एमएमए लढत: घाई कशासाठी?

सप्रेम नमस्कार.

आपला १९ वर्षांचा मुलगा दोन वर्षांपासून जिउ-जित्सू आणि किक-बॉक्सिंग शिकतो आहे, त्याला पदवीचे शिक्षण अर्धवट सोडून व्यावसायिक एमएमएमध्ये (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे प्रहार आणि कुस्तीसारखी पकड दोन्ही चालणारा लढतींचा खेळ) उतरायचे आहे आणि प्रशिक्षकांनी चार महिन्यांनंतर, त्याच्या आजच्या वजनापेक्षा सहा किलो खालच्या गटात, त्याची पहिली व्यावसायिक लढत ठरवली आहे, असे आपण कळवले आहे. त्याला अडवावे का, असे आपण विचारता. माझ्या मते खेळ सोडायला लावू नये. ही लढत मात्र पुढे ढकलावी.

आपल्या पत्रात हौशी लढतींचा कुठेच उल्लेख नाही आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. आंतरराष्ट्रीय हौशी स्पर्धांत तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्या असतात, नडगीला संरक्षक पट्टे बांधतात आणि कोपराने प्रहार करण्यास बंदी असते. व्यावसायिक लढतीत साधारणपणे पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या होतात, कोपर चालतो आणि तेथील प्रत्येक पराभव खेळाडूच्या नावापुढे कायमचा लागतो. आयोजक पुढची लढत देताना आधी तोच हिशेब पाहतात. हेन्री सेहुडो यांनी २००८ मध्ये कुस्तीचे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले, तरी ते व्यावसायिक एमएमएमध्ये उतरले २०१३ मध्ये आणि यूएफसी या एमएमए लढती भरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचे विजेते झाले २०१८ मध्ये. आपल्या मुलाला चार महिन्यांची घाई कशासाठी, हे मला तरी कळलेले नाही.

सहा किलोंचे काय? चार महिन्यांत आहार सांभाळून चरबी उतरवली तर एक वेळ समजू शकते. पण या खेळातील रूढ पद्धत निराळी आहे: लढतीपूर्वीच्या अधिकृत वजन-मोजणीच्या आदल्या दिवशी पाणी तोडायचे, म्हणजे पिणे जवळपास बंद करायचे, गरम पाण्यात किंवा सौनात (तापवलेल्या खोलीत) बसून घाम गाळायचा आणि काटा पार झाला की पुन्हा पाणी पिऊन अंग भरायचे. २०१५ मध्ये मनिला येथे २१ वर्षांचे चिनी खेळाडू यांग जियान बिंग यांचा वजन उतरवतानाच मृत्यू झाला आणि त्यानंतर वन चॅम्पियनशिप या आयोजक संस्थेने पाणी तोडून वजन घटवण्यावर बंदी घातली. सर्वच आयोजक इतके कडक नाहीत.

पैशांबाबत थोडक्यात सांगतो. बहुतेक लढवय्यांना पगार नसतो. अनेक करारांत लढल्याचे मानधन आणि जिंकल्यास जवळपास तेवढीच जादा रक्कम असते, म्हणजे हरल्यास हाती निम्मेच येते, आणि त्यातूनही मॅनेजर, प्रशिक्षक व सरावाचा खर्च वजा होतो. सरावात गुडघा दुखावला आणि लढत रद्द झाली, तर बहुधा तेवढेही मिळत नाही. वर्षाला दोन-तीन लढती मिळणाऱ्याने म्हणूनच पदवी सोडू नये, आणि ती क्रीडाविज्ञान किंवा फिजिओथेरपीची असेल तर उत्तमच. अर्थात हा सल्ला त्याला फारसा रुचणार नाही.

प्रशिक्षकांना आपण स्वतः भेटावे. लढत पुढे ढकलून त्याआधी किती हौशी लढती देणार, वजन कोणाच्या देखरेखीखाली उतरवणार आणि सरावात डोक्याला जोराचा मार बसल्यास डॉक्टरांच्या परवानगीशिवाय त्याला स्पारिंगला (सरावाच्या लढतीला) उभे करणार का, हे तीन प्रश्न मुलासमोरच विचारावेत. तिसऱ्या प्रश्नावर ते हसले किंवा उत्तर टाळले, तर प्रशिक्षण केंद्र बदलावे.