मधलं शटल कोणाचं?

बॅडमिंटनमध्ये दुहेरी खेळणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. फटक्यांबद्दल कमी आणि माणसांबद्दल जास्त विचारलंय. दुहेरीत वीस वर्षं घालवल्यावर मला त्याचं नवल वाटत नाही.

मुलगी १४ वर्षांची आहे. प्रशिक्षक म्हणतात, एकेरीपेक्षा दुहेरीवर भर द्या. म्हणजे ती एकेरीत कमी पडते, असाच अर्थ ना? स्पष्ट सांगा.

कदाचित हो. स्पष्ट विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो. बऱ्याच ठिकाणी एकेरीत मागे पडलेल्या मुलांना दुहेरीच्या कोर्टावर पाठवून मोकळं होतात. पण एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. प्रशिक्षकांना एकच विचारा: दुहेरीच का? "ती लवकर दमते" असं उत्तर आलं तर सावध व्हा. "नेटजवळ तिचे हात लवकर चालतात, समोरचा कुठे मारणार हे तिला आधी कळतं" असं उत्तर आलं, तर त्या माणसाचं ऐका.

कारण हे दोन वेगळे खेळ आहेत. दुहेरीचं कोर्ट एकेरीपेक्षा फक्त ९२ सेंटिमीटरने रुंद असतं, ५.१८ ऐवजी ६.१० मीटर. लांबी तीच, १३.४० मीटर. माणसं दुप्पट झाली आणि जागा जेमतेम वाढली. एकेरीत मोकळा कोपरा बघून शटल टाकतात. इथे मोकळा कोपरा आयता मिळत नाही, समोरच्या दोघांना हलवून तो तयार करावा लागतो.

त्यात सर्व्हिसची भानगड. दुहेरीत सर्व्हिसच्या चौकटीची मागची रेषा ७६ सेंटिमीटर आत असते, त्यामुळे उंच, लांब सर्व्हिस करून समोरच्याला मागे ढकलता येत नाही. तो पुढच्या रेषेला चिकटून उभा राहतो आणि शटल जाळीवर बोटभर जास्त उंच आलं की झडप घालतो. पूर्वी सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळायचा, आणि जोडीच्या एकाची सर्व्हिस गेली तरी सहसा दुसऱ्याची हाताशी असायची. २००६ पासून प्रत्येक रॅलीला गुण आहे आणि जोडीला सर्व्हिस एकच. चुकलेली सर्व्हिस म्हणजे समोरच्यांना आयता गुण. सर्व्हिस, तिचा परतावा आणि त्यानंतरचा फटका, या तिघांत दुहेरीच्या निम्म्याहून जास्त रॅलींची दिशा ठरते असं माझं मत आहे. तरी सरावाच्या दोन तासांत सर्व्हिसला मिळतात शेवटची दहा मिनिटं, तीही मुलं घामाघूम होऊन घड्याळाकडे बघत असताना.

मुलीला निदान सोळाव्या वर्षापर्यंत दोन्ही खेळू द्या. एकेरी पाय घडवते, आणि ते पाय दुहेरीत मुलींना फार लागतात. महिला दुहेरीत एका स्मॅशवर काम संपत नाही, रॅली लांबतात. शिवाय आज चौदाव्या वर्षी दिसणारा कल सतराव्या वर्षी टिकतोच असं नाही.

वय १९, उंची ५ फूट ६ इंच. माझा स्मॅश मोठा नाही. पुरुष दुहेरीत पुढे जाता येईल का?

मार्कस गिडियन १६८ सेंटिमीटर, केव्हिन सुकामुल्यो १७० सेंटिमीटर. इंडोनेशियाची ही जोडी कित्येक वर्षं जगात पहिली होती. जपानचा युता वातानाबेही याच उंचीचा, आणि २०२१ च्या ऑल इंग्लंड या मानाच्या स्पर्धेत पुरुष दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशी दोन्ही विजेतेपदं त्याने घेतली. तेव्हा उंचीचं रडगाणं नको.

स्मॅशचा वेग ही मला तरी थोडी मिरवायची गोष्ट वाटते. सात्विकसाईराज रंकीरेड्डीने २०२३ मध्ये जपानमध्ये ताशी ५६५ किलोमीटर वेगाचा स्मॅश मारून विक्रम केला, पण तो खास घेतलेल्या चाचणीत. शटल परत आणायला समोर कोणी उभं नव्हतं. खुद्द सात्विक सामने जिंकतो ते स्मॅशनंतर पुढचं शटल कुठे येणार हे त्याला आणि त्याच्या जोडीदाराला ठाऊक असतं म्हणून.

तुझ्या बाजूने एक नियमही आहे. २०१८ पासून सर्व्हिस करताना शटल कोर्टापासून १.१५ मीटरच्या खाली असताना मारावं लागतं, मग खेळाडू कितीही उंच असो. सहा फुटांवरच्यांना त्यासाठी हात पार खाली आणावा लागला. तुला काहीच बदलावं लागलं नसेल. बॅकहॅन्ड सर्व्हिस, ड्राइव्ह (जाळीवरून सपाट मारलेला फटका) आणि नेटवर पहिलं पोहोचणं, हे तुझं भांडवल. मागून मारणारा जोडीदार शोध.

तीन वर्षं एकाच जोडीदाराबरोबर खेळतोय. गेलं वर्ष कोरडं गेलं. आता दुसऱ्या एका खेळाडूने मला विचारलंय आणि मला जावंसं वाटतंय. जुन्या जोडीदाराला अजून काही बोललेलो नाही. कधी आणि कसं सांगू?

आजच सांगा. निर्णय व्हायच्या आधी. "माझ्या मनात असं घोळतंय" हे ऐकायला त्रास होतो, पण "माझं ठरलंय" हे तिसऱ्याकडून कानावर येण्याइतका होत नाही. माझ्या एका जोडीदाराने मला सोडलं ते मला स्पर्धेचा ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता, बघताना कळलं. त्याच्या नावापुढे दुसऱ्याचं नाव. त्याचा निर्णय बरोबर होता, हे मी दोनेक वर्षांनी मान्य केलं. पण आजही समोर आला की आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारतो, खेळाबद्दल नाही.

आता व्यवहार बघू. जागतिक क्रमवारी जोडीची असते. गेल्या ५२ आठवड्यांतले सर्वोत्तम १० निकाल धरतात, आणि ते गुण तुमच्या एकट्याचे नसतात. दोघांनी मिळून वर्ल्ड टूर या आंतरराष्ट्रीय मालिकेतली सुपर ३०० पातळीची स्पर्धा जिंकली तर ७००० गुण मिळतात. जोडी मोडली की ते ना तुमच्याबरोबर येत, ना त्याच्याबरोबर जात. नवी जोडी क्रमवारीत कोरी पाटी घेऊन उतरते, आणि क्रमवारीत वर यायला पुन्हा पहिल्यापासून गुण गोळा करावे लागतात. ऑलिम्पिक पात्रतेचं वर्ष चालू असेल तर हा हिशोब आणखी कडक होतो, कारण तिथे दुहेरीच्या प्रत्येक प्रकारात साधारण १६ जोड्या असतात आणि एका देशाच्या दोन जोड्या जायच्या तर दोन्ही क्रमवारीत पहिल्या आठात हव्यात.

त्याआधी एक काम करा. गेल्या वर्षी हरलेल्या पाच सामन्यांचे व्हिडिओ घ्या आणि प्रत्येक गमावलेला गुण कोणत्या फटक्यावर गेला ते लिहून काढा. कोणामुळे गेला ते लिहू नका, फक्त कितव्या फटक्यावर. पहिल्या चार फटक्यांत गुण जात असतील तर दुखणं सर्व्हिस आणि परताव्यात आहे, आणि ते दुखणं तुम्ही नव्या जोडीतही घेऊन जाल. लांब रॅलीत, हल्ल्यातून बचावात येताना गुण जात असतील, तर हल्ल्यात पुढे-मागे आणि बचावात शेजारी-शेजारी उभं राहणं, यांमधली अदलाबदल जुळत नाहीये. ती सहा महिन्यांच्या नेटाच्या सरावाने जुळू शकते. दोघांनाही एकच काम आवडत असेल, तरच खरी अडचण.

आणि तीही सुटते. सात्विक आणि चिराग शेट्टी दोघेही मुळात मागून मारणारे. मलेशियाचे प्रशिक्षक टॅन किम हर यांनी त्यांना एकत्र आणलं तेव्हा पुढे कोण खेळणार हाच प्रश्न होता. चिरागने पुढची बाजू शिकून घेतली. निकाल लगेच आले नाहीत. २०१८ मध्ये राष्ट्रकुल रौप्य, २०१९ मध्ये थायलंड ओपन, २०२२ मध्ये भारतीय संघाबरोबर थॉमस कप (पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा), २०२३ मध्ये आशियाई सुवर्ण आणि जगात पहिला क्रमांक. मधे टोकियो ऑलिम्पिकमध्ये गटातले तीनपैकी दोन सामने जिंकूनही गेमच्या फरकावर ते बाहेर पडले. जिंकलेल्या दोनातला एक होता तैवानच्या ली यांग आणि वांग ची-लिन यांच्याविरुद्ध, आणि सुवर्ण नेलं त्याच जोडीने. एवढं झाल्यावर एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या जोड्या मी पाहिल्या आहेत.

म्हणून कधीच जोडी सोडू नये असं मी म्हणणार नाही. इंडोनेशियाची ग्रेसिया पोली २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मुद्दाम हरण्याच्या प्रकरणात बाद झालेल्या आठ खेळाडूंपैकी एक. पुढे नित्या महेस्वरीबरोबर तिने २०१४ चं आशियाई सुवर्ण जिंकलं. ती जोडी संपली तेव्हा निवृत्तीचा विचार करावा असं तिचं वय होतं. मग तिच्या वाट्याला आली दहा वर्षांहून लहान अप्रियानी रहायू, आणि टोकियोत त्या दोघींनी महिला दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. ग्रेसिया तेव्हा ३३ वर्षांची होती. जोडीदार बदलल्याने कारकीर्द उभी राहते. फक्त आधीच्या जोडीदाराशी बोलायचं टाळून नव्याकडे जाऊ नका. नवा जोडीदारही बघत असतो, तुम्ही कसे निघता ते.

दुहेरीत बक्षिसाचे पैसे अर्धे होतात, मग पोट भरतं का?

अर्धेच होतात. वर्ल्ड टूरच्या मोठ्या स्पर्धांच्या ठरलेल्या वाटणीत एकेरीच्या विजेत्याला एकूण रकमेच्या ७ टक्के आणि दुहेरीच्या विजेत्या जोडीला ७.४ टक्के मिळतात. एकूण बक्षीस १० लाख डॉलर धरलं तर एकेरीवाल्याला ७० हजार आणि जोडीला ७४ हजार, म्हणजे माणशी ३७ हजार. उपांत्यपूर्व फेरीत हरलात तर जोडीला ०.६२५ टक्के, म्हणजे याच हिशोबाने ६,२५० डॉलर, आणि तेही दोघांत. विमान, हॉटेल, प्रशिक्षक, फिजिओ यांचा खर्च मात्र कोणी अर्धा करत नाही. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तर बक्षिसाची रक्कमच नसते.

तेव्हा बक्षिसावर घर चालवणारे दुहेरीवाले मोजकेच. बाकीच्यांचं चालतं ते नोकरी, संघटनेचा पाठिंबा, रॅकेट कंपनीचा करार आणि लीग यांवर. जपानमध्ये खेळाडू कंपन्यांच्या संघांत असतात, डेन्मार्क आणि जर्मनीत क्लबांच्या लीग चालतात. लीगमध्ये दुहेरीवाल्याला भाव असतो, कारण तोच खेळाडू पुरुष आणि मिश्र अशा दोन्ही सामन्यांत उतरवता येतो. एक मात्र आधीच लिहून ठेवा: बक्षीस कसं वाटायचं आणि प्रशिक्षकाचा खर्च कोण किती देणार. मैत्री आहे म्हणून हे न बोललेल्या जोड्यांत मैत्रीच आधी जाते.

मी महिला दुहेरी आणि मिश्र दोन्ही खेळते. प्रशिक्षक एक सोडायला सांगतात.

तेविशीच्या आत असशील तर दोन्ही खेळ. मिश्रमध्ये नेटवरचा हात तयार होतो आणि पुरुषाचा स्मॅश परतवता आला की महिला दुहेरीतला बचाव सोपा वाटायला लागतो. त्यानंतर शरीराला विचार. एका स्पर्धेत दोन्हींकडे पुढे गेलीस तर आठवड्याला आठ-दहा सामने होतात. चीनच्या झांग नानने लंडन ऑलिम्पिकला मिश्रचं सुवर्ण घेतलं आणि रिओत फू हायफेंगबरोबर पुरुष दुहेरीचं. झेंग सिवेईने मात्र मिश्रवरच सगळं लावलं आणि हुआंग याचियोंगबरोबर पॅरिसचं सुवर्ण मिळवलं. दोन्ही वाटा चालतात. तुझ्या प्रशिक्षकांना कोणती सोडावीशी वाटते आणि तुला कोणती, हे एकच आहे का, ते आधी बघ.

वय ३१. गुडघा कुरकुरतो. अजून किती वर्षं?

इंडोनेशियाच्या हेंद्रा सेतियावानने २०१९ ची जागतिक स्पर्धा बासेलमध्ये जिंकली ती आपल्या ३५ व्या वाढदिवशी, मोहम्मद अहसानबरोबर. २०२२ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, तो पुन्हा जागतिक अंतिम फेरीत होता आणि चाळिशीत थांबला. त्याच्याकडे बघून शिकायचं ते हे, की तो फारसा धावतच नसे. शटल येईल तिथे आधीच उभा असायचा. वय वाढतं तसं पुढच्या बाजूला सरकायचं आणि उड्या जोडीदाराकडे सोपवायच्या. पण "कुरकुरतो" म्हणजे काय ते डॉक्टरांना दाखवून कळू द्या. लंजला, म्हणजे पाय लांब पुढे टाकून, खाली गेल्यावर दुखतं की सकाळी जिना उतरताना, या दोन्हींत फरक आहे.

आम्ही दोघे उजव्या हाताचे. मधे शटल आलं की रॅकेटवर रॅकेट आपटते, नाहीतर दोघेही बघत राहतो. ते शटल नेमकं कोणाचं?

बचावात शेजारी-शेजारी उभे असाल तर नवशिक्यांसाठी सोपा नियम: मध्यभागी ज्याचा फोरहॅन्ड येतो त्याचं. दोघे उजवे असाल तर डावीकडे उभा असलेल्याचं. थोडं पुढे गेल्यावर नियम बदला. स्मॅश मारणाऱ्याच्या सरळ समोर जो आहे त्याने रेषेकडची बाजू आणि अंगावरचं बघायचं, आणि तिरक्या बाजूच्याने आत सरकून मधलं घ्यायचं, कारण त्याला क्षणभर जास्त वेळ मिळतो. हल्ल्यात पुढचा जे सोडेल ते मागच्याचं. आणि पुढच्याने मागे वळून बघायचं नाही. मागच्याचं शटल डोळ्यावर बसलेले खेळाडू मला माहीत आहेत, मीच त्यातला एक.

तरीही गोंधळ होईल, तेव्हा एकाने ओरडायचं. "माझं" म्हणा, "तुझं" म्हणू नका. "तुझं" म्हणेपर्यंत ते खाली पडलेलं असतं.