एकाच उपासनेत इंग्रजी चालीची गीतं आणि अभंग गायला खरंच आनंद वाटतो का?

हो, खूप! मराठी चर्चमध्ये इंग्रजी चालीचं गीत आम्ही ऑर्गनच्या साथीने, पुस्तक हातात धरून, उभं राहून गातो. वेगवेगळ्या सुरांत गेलेले आवाज शेवटच्या 'आमेन'ला जुळतात तेव्हा अंगावर काटा येतो.

पण मला जास्त जवळची वाटते ती ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग-ओव्यांतून केलेली ख्रिस्तस्तुती. तिथे पेटी, तबला, टाळ. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची. लय चढत जाते, टाळ्या वाजवून तळहात लाल होतात, पुस्तक केव्हाच बाजूला पडलेलं असतं. माझी आजी तर डोळे मिटूनच गायची. तरुण मुलं हेच गिटारवर म्हणतात, तेही गोड लागतं.

ऐकायचं असेल तर नाताळात नगरकडच्या एखाद्या खेड्यातल्या चर्चमध्ये भजनाला जाऊन बसा.